फुलांच्या मागे चाळीस हजार किलोमीटर

गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. अटलांटाजवळ राहणारी माझी मावसबहीण उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात भटकायला गेली होती. फोटोत एक उंच झुडूप आणि त्यावर नुसती आग लागल्यासारखी केशरी फुलं. खाली तिने लिहिलं होतं, "अमेरिकेतला पळस!"

मग जे व्हायचं ते झालं. एका काकांनी ती बोगनवेल ठरवली. दुसरे नुकतेच चारधाम करून आलेले, ते म्हणाले, हा तर बुरांश. आत्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी मध्ये तोंड घालून सांगितलं की हे अझेलिया आहे, तिथलं रानातलं, आणि त्याच्या जाती नीट समजून घ्यायला 1951 साली एक शास्त्रज्ञ पंचवीस हजार मैल, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर फिरला होता. पृथ्वीला एक प्रदक्षिणा.

काकांचं उत्तर लगेच आलं. "फुलं बघायला? आणि पगार चालू?"

प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे. मावसबहिणीचाही एक होता: "आमच्या सोसायटीच्या दारात अझेलिया आहे की. गुडघाभर, गुलाबी, बाराही महिने हिरवं. हे तर माझ्याहून उंच आहे आणि केशरी. दोन्ही एकच कसं?"

आधी नावाचा घोळ

झाडाचं शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखं असतं, आडनाव आधी आणि नाव नंतर. आडनाव म्हणजे प्रजाती, नाव म्हणजे जाती. वर्तमानपत्रं हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतात. इथे प्रजाती मोठी आणि तिच्या पोटात जाती, एवढं धरून चालू.

ऱ्होडोडेंड्रॉन ही अशीच एक अवाढव्य प्रजाती. जगभर तिच्या हजाराच्या आसपास जाती आहेत. बुरांश त्यातलाच, नेपाळचं राष्ट्रीय फूल लालीगुराँसही तोच. आपल्या सह्याद्रीत ऱ्होडोडेंड्रॉन रानात उगवत नाही. दक्षिणेत निलगिरी आणि अनैमलैच्या उंचीवर गेलं की बुरांशचा एक भाऊबंद भेटतो. म्हणजे चारधामवाले काका अगदीच चुकले नव्हते, आडनाव त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन अशा दोन वेगळ्या प्रजाती केल्या होत्या. खूण सोपी: पाच पुंकेसर असतील तर अझेलिया, दहा असतील तर ऱ्होडोडेंड्रॉन. पण झाडांनी लिनियस वाचलेला नव्हता. सहा-सात पुंकेसरांची अझेलिया निघाली, दहांचीही निघाली. शेवटी 1834 मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दोघांचा एकच संसार केला. तेव्हापासून प्रत्येक अझेलिया ऱ्होडोडेंड्रॉन असतं, पण प्रत्येक ऱ्होडोडेंड्रॉन अझेलिया नसतं. हापूस आणि आंब्यासारखं. बागकाम करणारे मात्र पाळण्यातलं नाव सोडायला तयार नाहीत.

आता सोसायटीच्या दाराचा प्रश्न. तिथलं बुटकं, सदाहरित झुडूप मूळचं जपान-चीनकडचं. गंमत म्हणजे कुंडीत मिळणाऱ्या अशा झाडांना बाजारात अजून 'अझेलिया इंडिका' म्हणतात आणि भारताशी त्यांचा रानातला संबंध शून्य. पूर्वेकडून जहाजाने आलेलं सगळंच युरोपला 'इंडियाचं' वाटायचं, त्या काळाची ही खूण. फोटोतलं झाड वेगळ्या घराण्यातलं आहे. ते पानझडी आहे, हिवाळ्यात पार खराटा होतं. पूर्व अमेरिकेत अशा पानझडी अझेलियाच्या पंधराच्या आसपास जाती आहेत.

पंधराच्या 'आसपास' का? मोजून नक्की का सांगत नाहीत? इथून पुढची सगळी गोष्ट त्या एका शब्दाची आहे.

वाळवलेल्या फुलाचा रंग गेलेला असतो

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी कागदांत दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवतो आणि कुठे, कधी, कोणी तोडली त्याची चिठ्ठी लावतो. अशा कागदांच्या कपाटांना हर्बेरियम म्हणतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. शंभर वर्षांपूर्वीची फांदी तिथे आजही पाहता येते.

पण अझेलियाच्या बाबतीत हा कागद दगा देतो. केशरी असो की पिवळं, वाळलं की सगळं चहाच्या डागासारखं तपकिरी. वास उडून जातो. फुलं पानांच्या आधी आली की पानांसोबत की नंतर, हे एका फांदीवरून दर वेळी कळत नाही. आणि नेमक्या याच खुणांवर जाती ओळखायच्या असतात. पळस आणि पांगारा लांबून दोन्ही लाल. जवळ जाऊन पान आणि काटा बघितल्याशिवाय नवखा माणूस फसतोच, तसं हे. अझेलियात तर भिंग घेऊन फुलाच्या नळीवरचे केस बघावे लागतात: साधे आहेत, की टोकाला चिकट थेंब असलेले? एका जातीचं नावच 'विस्कोसम', म्हणजे चिकट. फूल हातात घेतलं की बोटांना चिकटतं.

म्हणून हेन्री स्किनर, चाळीस हजार किलोमीटर फिरलेले ते शास्त्रज्ञ, गाडी घेऊन निघाले.

स्किनर जन्माने इंग्रज, माळीकामाचं रीतसर शिक्षण घेतलेले, नंतर अमेरिकेत आलेले. फिलाडेल्फियाच्या मॉरिस आर्बोरेटममध्ये ते क्युरेटर होते. आर्बोरेटम म्हणजे झाडांचं संग्रहालय, फक्त जिवंत. 1951 च्या वसंतात त्यांनी दक्षिणेकडून सुरुवात केली आणि फुलोऱ्याच्या मागे मागे उत्तरेकडे, आणि पायथ्याकडून डोंगरमाथ्याकडे सरकत गेले. हापूसच्या व्यापाऱ्याला हे सांगावं लागत नाही: देवगडचा आंबा आधी उतरतो, जुन्नरचा नंतर. मोहोर सगळीकडे एकदम येत नाही. एका जागी बसून राहिलात तर दहा-पंधरा दिवसांत तमाशा संपतो. पुढे पुढे जात राहिलात तर महिनोन्‌महिने मिळतात.

त्यांनी जवळपास आठ हजार नमुने दाबले आणि शेकडो जिवंत रोपं मॉरिसला पाठवली. आठ हजार ऐकून वेड लागल्यासारखं वाटेल. पण त्यांची युक्ती त्यातच होती. एका ठिकाणाहून एकच 'छान' फांदी घ्यायची नाही, एकाच उतारावरच्या पुष्कळ झाडांची घ्यायची. एका मराठी माणसाचा फोटो बघून मराठी माणूस कसा दिसतो ते कळत नाही. सकाळी आठच्या विरार लोकलचा डबा बघितला तर थोडंफार कळतं.

ग्रेगरी बॉल्डचा माथा

ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवर, ग्रेगरी बॉल्ड नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे दीड हजार मीटर. बॉल्ड म्हणजे टकला: खाली दाट जंगल आणि माथ्यावर नुसतं गवत. जूनच्या मध्यापासून त्या गवतावर अझेलिया फुलतात. एक झाड पांढरं, त्याच्या शेजारचं शेंदरी, पलीकडचं पिवळ्यावर गुलाबी झाक मारणारं, मग एक गडद लाल, मग एक ज्याला मराठीत रंगाचं नाव शोधत बसावं लागेल. दोन झाडांचा रंग जुळेल तर शपथ.

याला कुठली जात म्हणायचं? स्किनरनी सांगितलं की ही एक जात नाहीच. तीन-चार जाती या माथ्यावर एकत्र आल्या, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या संकर होत गेला, संकरांचा पुन्हा मूळ जातींशी आणि आपापसांत झाला, आणि आज दिसतो तो त्यांचा काला. गोपाळकाल्यातून पोहे वेगळे काढता येतात का, तेवढंच इथल्या एका झाडाचे आईवडील ओळखणं शक्य आहे.

एका गोष्टीची मला इथे गंमत वाटते. हा माथा उघडा राहिला तो गुरांमुळे. खालच्या वस्तीतली गुरं उन्हाळ्यात इथे चरायला यायची. राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि जंगल माथ्यावर चढायला लागलं; आता उद्यानाचे लोक स्वतः झाडोरा छाटून गवत राखतात. कासच्या पठारावर कुंपण घातल्यावर चराई थांबली, तेव्हा फुलांचं भलं झालं की गवताचं, यावर आपल्याकडे झालेली वादावादी आठवते.

मग सगळ्यांचाच काला का झाला नाही?

इतका सहज संकर होतो, तर आजवर सगळ्या अझेलियांची मिळून एकच खिचडी व्हायला हवी होती. तशी झाली नाही, याला दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं वेळापत्रक. काही जाती मार्च-एप्रिलमध्ये फुलतात, काही मेमध्ये, काही थेट जुलै-ऑगस्टमध्ये. फलाट एकच, पण सकाळच्या गाडीचा प्रवासी संध्याकाळच्या गाडीच्या प्रवाशाला भेटणार कसा?

दुसरं कारण पेशीच्या आत आहे, आणि त्यासाठी फुगडी आठवावी लागेल. वाढीची सगळी माहिती गुणसूत्रांवर असते. पाककृतीच्या वह्या समजा. बहुतेक पानझडी अझेलियांत 13 वह्यांचे दोन संच असतात, एकूण 26. एक संच आईकडून, एक बापाकडून. मावसबहिणीच्या फोटोतल्या जातीत, जिला तिकडे फ्लेम अझेलिया म्हणतात, मुळात चार संच आहेत, एकूण 52. परागकण आणि बीजांड तयार होताना सारख्या वह्या जोडीने समोरासमोर येतात आणि निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. दोन संचवाल्याने एक दिला, चारवाल्याने दोन, तर पोराकडे तीन. आता त्या पोराची पाळी आली की घोळ होतो. फुगडीला जोडी लागते. तिघी असल्या की एक उरते, आणि खेळ मोडतो. अशा झाडाला धड बी धरत नाही.

हे परकं वाटत असेल तर सकाळी खाल्लेलं केळ आठवा. केळ तीन संचांचंच असतं, म्हणून त्यात बी नाही, आणि म्हणून जळगावचा शेतकरी मुनवे लावतो.

तर फ्लेम अझेलियाभोवती अशी अदृश्य भिंत आहे. पूर्ण पक्की नाही. चार संचांच्या जाती आपापसांत जुळू शकतात. एका फ्लेम अझेलियाचेच चार संच आहेत अशी पूर्वी समजूत होती, पण आता पेशीतला डीएनए यंत्रावर मोजता येतो, आणि समुद्राकडच्या सपाटीवरच्या आणखी एकदोन जाती चार संचांच्या निघाल्या. 2008 साली अलाबामा-जॉर्जियाच्या त्याच सपाटीवरून एक नवी जात जाहीर झाली, कोलमनाय. तिच्यातही चार संच. स्थानिक फुलवेड्यांना ही झाडं कितीतरी वर्षं ठाऊक होती, 'दुसऱ्या जातीचा उशिरा फुलणारा प्रकार' म्हणून. त्याआधी 1999 मध्ये साउथ कॅरोलायनातून एक जाहीर झाली होती. अमेरिकेसारख्या कानाकोपरा धुंडाळलेल्या देशात, माणूसभर उंचीचं, फुलांनी लगडलेलं झुडूप एकविसावं शतक उजाडेपर्यंत नावाशिवाय उभं होतं. 'आसपास' हा शब्द त्यामुळे.

"संकर झाला तर बिघडलं काय? सुंदर आहे ना!"

काहीच बिघडलं नाही. बागांचा तर सगळा धंदा संकरावर उभा आहे. ही अमेरिकन झुडपं अठराव्या शतकातच युरोपला पोचली होती. 1820 च्या सुमारास बेल्जियममधल्या गेंट शहरात मॉर्टिए नावाचा एक बेकर, दिवसा पाव भाजणारा माणूस, त्यांचा संकर करत बसला. अमेरिकन जाती आणि काळ्या समुद्राकडची पिवळी जात मिसळून त्याने जे केलं, ते गेंट संकर म्हणून गाजलं. पुढे इंग्लंडच्या नर्सऱ्यांनी आणखी भर घातली. आणि मग तीच रोपं नवा साज लेवून अमेरिकेच्या बागांत परतली. आपल्या कापसाचं कापड मँचेस्टरहून परत येई, तशातलं.

(जाता जाता: त्या पिवळ्या जातीच्या मधात विष उतरतं. इसवी सनपूर्व 400 च्या सुमारास ग्रीक सैनिकांनी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर असा मध खाल्ला आणि दारू प्यायल्यासारखे आडवे पडले, असं झेनोफन या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. अझेलियाची फुलं, पानं चघळू नयेत आणि गुराढोरांनाही घालू नयेत.)

पण संकर करायला मूळ जाती लागतात. त्या मुद्दल आहेत, बागेतली झुडपं हे व्याज. एखाद्या जातीत उशिरा फुलायचा गुण आहे, एखादीला वास आहे, एखादी ओलीत तग धरते. तो गुण हवा असेल तर तो रानात कुठे आहे हे आधी कोणाला तरी माहीत असलं पाहिजे. जॉर्जिया-अलाबामाच्या सीमेवरच्या मोजक्या घळींमध्ये प्रुनिफोलियम नावाची जात आहे. लाल फुलं, आणि ती जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात, बाकी सगळ्यांचा बहर उरकल्यावर. कॅसन कॅलवे या उद्योजकाने पत्नीबरोबर जॉर्जियातल्या पाइन माउंटनला बाग उभी केली आणि 1952 मध्ये ती लोकांना खुली केली, त्यामागे या फुलाची ओढ होती. पुढच्याच वर्षी फ्रेड गॅले तिथे फलोद्यानाचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जवळजवळ सगळी उमेद अझेलियांवर घालवली; 1985 साली त्यांनी या एका गटावर जाडजूड ग्रंथ काढला. घळीतली दुर्मीळ जात बागेत हजारोंनी वाढवली की लोक तिला रानातून उपटून नेत नाहीत, हाही त्यातला व्यवहार आहे.

शोभेच्या झाडांची दुसरी बाजू आपल्याला सांगायला नको. घाणेरी आपल्याकडे बागेसाठीच आणली होती, आणि तीसुद्धा युरोपच्या माळ्यांनी केलेल्या संकरांचा काला. आता ती जंगलातून काढता काढता वन खात्याच्या नाकी नऊ येतात. ब्रिटनमध्ये हाच मान एका जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनला आहे. कुठलं झाड कुठलं, हे माहीत असणं इथे पैशात मोजता येतं.

माझी कुंडी का मेली

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका नर्सरीतून फुलांनी गच्च भरलेलं अझेलिया आणलं. "ऊन कमी, पाणी भरपूर," एवढा मंत्र मिळाला. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि एप्रिलमध्ये ते गेलं. मी खत वाढवलं होतं. म्हणजे भूक नसलेल्या माणसाच्या तोंडात जेवण कोंबलं.

अझेलियाला आम्लधर्मी माती लागते. मातीचा आंबटपणा 'सामू' या आकड्याने मोजतात: सातच्या खाली आम्ल, वर अल्क. अझेलिया साडेचार ते सहामध्ये खूश. आपली काळी माती चुनखडीची, बऱ्याचदा साडेसात-आठच्या पुढची, वर बोअरचं क्षाराचं पाणी. त्या मातीत लोह असतं, पण कुलूपबंद. मुळांना ते उचलता येत नाही. मुळंही केसासारखी बारीक आणि वरवरची. रानात त्यांच्याशी एका बुरशीची भागीदारी असते, ती गरीब मातीतून त्यांना अन्न मिळवून देते.

आणि मग 'झोन'. ऑनलाइन बी-रोपं घेताना 'झोन 6 ते 9' असं वाचून डोकं खाजवणारे पुष्कळ भेटतात. हे पट्टे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशातले. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी कुठवर उतरतो, त्यावरून दहा-दहा फॅरनहाइट अंशांचे भाग पाडलेत. कृषी खात्याचा हा नकाशा पहिल्यांदा 1960 साली निघाला तो स्किनर यांच्या देखरेखीखाली, कारण तोवर ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटमचे संचालक झाले होते. फुलांमागे फिरलेल्या माणसाला हे कोणी समजावून द्यावं लागलं नसणार की झाडाची हद्द राज्याच्या सीमेवर ठरत नाही. 2023 मध्ये नकाशा नव्याने काढला तेव्हा जवळपास अर्धा देश अर्ध्या पायरीने उबदार पट्ट्यात सरकलेला दिसला.

पण झोन फक्त थंडी सांगतो. मेमधलं ऊन, कोरडी हवा, माती, यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. शिवाय अमेरिकेच्या पानझडी जातींना हिवाळ्याची खरी झोप लागते, जी पुण्यात मिळत नाही. तेव्हा 'झोन जुळतो' म्हणून पैसे घालवू नका.

"पण हे काही करिअर आहे का?"

काकांना मी पुन्हा हिशोब सांगितला. स्किनर त्या प्रवासानंतर 1952 मध्ये राष्ट्रीय आर्बोरेटमचे संचालक झाले. एका सरकारी संस्थेने फुलांवर माणूस पोसला आणि बदल्यात देशभरच्या बागायतीला नकाशा मिळाला, नर्सऱ्यांना जाती मिळाल्या. आपल्याकडेही पुण्यात केंद्र सरकारचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर हयात घालवली. कड्यांवर लोंबकळून शोधलेल्या दुर्मीळ जाती त्यांनी विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या. काकांनी त्यावर अंगठा टाकला. याहून जास्त मान्यता आमच्या घरात कोणाला मिळत नाही.

जुलैच्या शेवटी मावसबहिणीचा आणखी एक फोटो आला. या वेळी ती दक्षिणेकडे गेली होती. घळीची सावली, पडलेली पानं, आणि लाल फुलं. मथळा नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, "पुंकेसर किती?"

थोड्या वेळाने आलं, "पाच. लांबच लांब, फुलाच्या पार बाहेर. एक फुलपाखरू आलं तर त्याचे पंखच घासत होते त्यांना."

फ्लेम अझेलियाचे पराग फुलपाखरांच्या पंखांवरून जातात हे शास्त्रज्ञांनी दाखवलंय. हिने ते शेजारच्या घराण्यात स्वतः उभं राहून पाहिलं.

"झाडावर पानं आहेत?"

"गच्च. फुलं पानांत लपलीत."

"वास?"

"थांब." मग दोन मिनिटं काहीच नाही. "नाही. बोटांना चिकटतही नाही."

"प्रुनिफोलियम," मी लिहिलं.

काकांनी विचारलं, "बोगनवेल नाही ना नक्की?"